पुढचं डावं चाक

चाक आमच्या पुढे निघून गेलं तेव्हा ते आमचं आहे हे मला कळलं नाही. अनघाने गाडी उजवीकडे वळवली, डाव्या बाजूने एक चाक सुटलं आणि काँक्रीटवरून उड्या मारत गवताकडे गेलं. लगेच गाडीचं नाक डावीकडे खाली आपटलं. लोखंड घासल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकला आहे, पण त्या आवाजावर बसून कधी गेले नव्हते. काँक्रीट संपलं, गवत आलं, खालचं लोखंड मातीत रुतलं आणि गाडी उलटी झाली. एकदाच.

मी पट्ट्यांना लटकत होते. डोकं खाली, पाय वर. तोंडात रक्त होतं आणि खड्यासारखं काहीतरी कडक. पेट्रोलचा वास येत होता. अनघाने मला शिकवून ठेवलं होतं की काही झालं तर मधली तांबडी चावी फिरवायची, म्हणजे सगळी वीज बंद होते. उलटं लटकल्यावर मधलं म्हणजे कुठलं ते कळेना. आधी हात चुकीच्या बाजूला गेला, बोटांना गवत लागलं. मग चावी सापडली. फिरवली. पेट्रोलच्या पंपाची घरघर थांबली.

"अनघा," मी म्हटलं.

ती बोलली नाही. तिचं हेल्मेट माझ्याकडे कललं होतं. डावा हात गाडीबाहेर गेला होता, तो दिसत नव्हता. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा जरा रागावून मारली, घरात मारते तशी. तरी ती बोलली नाही. लांबून माणसं पळत येत होती. त्यांचे बूट मला उलटे दिसत होते.

मी तीन महिने जर्मनीला राहून आले. इथे जो तो विचारतो काय काय बघितलं. तळी बघितली, किल्ले बघितले, बर्फाचे डोंगर बघितले. ते सगळे सांगतात. मी हे सांगते.

कोठार

मी इचलकरंजीची. शाळा चौथीपर्यंत. आमच्या ह्यांचं यंत्रमागाचे सुटे भाग करायचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिल. तयार माल तपासायचं काम मी बत्तीस वर्षं केलं. हे गेले, वर्कशॉप विकलं. मुलगा मंदार म्युनिकला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. सून अनघा मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. शहरात घरं परवडत नाहीत म्हणून एस-बान नावाच्या लोकलने चाळीस मिनिटं बाहेर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूल नाही. मी एकदा विचारलं होतं. एकदाच.

गेल्यावर दुसऱ्याच दिवशी अनघा मला एका शेतावर घेऊन गेली. तिथे कोठारात, जुन्या गवत कापायच्या यंत्राशेजारी, तिची गाडी उभी होती. हिरवी, बुटकी, दोन माणसांची. दार नाही, टप नाही. पुढची चाकं अंगाबाहेर, बेडकाच्या पायांसारखी. मागे डोक्यावर लोखंडी कमान.

"ही विकत घेतलीस?" मी विचारलं.

"नाही आई, बनवली. पेट्यांतून आली होती." मग तिने सांगितलं. सांगाडा, पत्रे, नळ्या, नटांच्या पिशव्या असं सगळं सुटं मिळतं, किट कार म्हणतात. इंजिन जुन्या गाडीतलं काढून बसवायचं. तिने दोन हिवाळे त्यात घातले होते. गाडी नुसती खेळण्यातली नव्हती, तिला नंबराची पाटी होती, रस्त्यावर चालत होती. त्या पाटीसाठी 'आइन्झेलाब्नामे' म्हणून एकट्या गाडीची सरकारी तपासणी असते. तिचे कागद एका जाड फाइलमध्ये होते आणि फाइल गाडीपेक्षा जास्त वेळा दुरुस्त झाली होती असं मंदार म्हणायचा.

घराखालच्या पार्किंगमध्ये गाडी खोलायची परवानगी नसते, भाडेकरारातच लिहिलेलं असतं. म्हणून हे कोठार. कोठार फ्राऊ हुबर यांचं. वय चौऱ्याहत्तर, नवरा नाही, ट्रॅक्टर स्वतः चालवतात. त्यांची एकच अट होती, फरशीवर तेलाचा थेंब पडता कामा नये. गाडीखाली चादर अंथरलेली असायची आणि हुबरबाई रोज येऊन चादरीचा कोपरा उचलून बघायच्या. मला त्या आवडल्या. तपासणारं माणूस मला आवडतं.

"काय राहिलंय हिचं?" मी विचारलं.

"काही नाही, चार नट फक्त."

"नऊ आहेत." ताटलीत नऊ होते.

अनघाने ताटलीत बघितलं. "आल्झो," ती म्हणाली. वाक्याआधी आल्झो, म्हणजे 'तर मग', म्हणायची तिला सवय लागली आहे. "आता तुम्ही रोज यायचं."

मी रोज गेले. तिची पद्धत बघितली. आधी साध्या पान्याने नट बसवायचा. मग टॉर्क पाना घ्यायचा. हा पाना ठरवलेल्या जोरापर्यंत आला की कट् असा आवाज करतो. आवाज झाला की नटाच्या डोक्यावर लाल नेलपेंटचा ठिपका द्यायचा. ठिपका असला तर आवळलेलं आहे, नसला तर नाही. आमच्याकडे हे खडूने करायचे. नेलपेंट बरं, पुसत नाही.

ती गाडी तिला शर्यतीत न्यायची होती. मोठी शर्यत नाही. नवशिक्यांची असते, जुन्या विमानतळावर. नारिंगी कोन मांडलेले असतात, त्यांतून एकेकाने वेळ लावून गाडी काढायची. घरची, रस्त्यावरची गाडी चालते. एका दिवसाचा परवाना मिळतो.

"पण कशाला?" मी एकदा विचारलं.

"दिवसभर मी ब्रेक पडद्यावर बघते," ती म्हणाली. "एकदा पायाखाली बघायचेत."

मला ते पटलं. मंदारला पटलेलं नव्हतं. तो त्या गाडीत कधी बसला नाही. "मी टायर वाहीन आणि डबा वाहीन," तो म्हणायचा. "मध्ये बसणार नाही."

रविवारी हातोडी

तिथे रविवारी आवाज करत नाहीत. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी अनघा आत वायरी बांधत होती आणि मागच्या पत्र्याला एक पोचा होता, तो मी लाकडी हातोडीने काढायला घेतला. दहा-बारा ठोके झाले असतील. हुबरबाई ॲप्रनला हात पुसत आल्या, माझ्या हातातून हातोडी काढून घेतली आणि म्हणाल्या, "झोनटाग." म्हणजे रविवार. हातोडी खिळ्याला टांगली आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. कॉफी दिली, प्लमचा केक दिला. आम्ही दोघी तासभर बसलो. बोलायला भाषा नव्हती. त्यांनी नवऱ्याचा फोटो दाखवला, मी फोनमध्ये ह्यांचा दाखवला. त्यांनी बोटाने विचारलं, किती वर्षं झाली. मी नऊ बोटं दाखवली. त्यांनी दोन्ही हात दोनदा उघडले, वीस.

इचलकरंजीत माग बंद पडले की माणसं दचकतात. एक तर वीज गेली किंवा संप. तिथे आवाज झाला की दचकतात. सवयीचा प्रश्न आहे. केक मात्र चांगला होता, साखर कमी.

शनिवार, जुना विमानतळ

विमानतळ उत्तरेला दोन तासांवर. अनघा तिच्या गाडीतून निघाली, मंदार, मी आणि हुबरबाई मागून मोठ्या गाडीतून. हुबरबाईंना आम्ही बोलावलं नव्हतं. त्या केकचा डबा घेऊन सकाळी कोठाराच्या दारात उभ्या होत्या. मोठ्या गाडीत मागे चार जास्तीची चाकं होती, शर्यतीच्या चिकट टायरांची, जुन्या सतरंजीत गुंडाळलेली.

वाटेत पाऊस आला. पुढे अनघाची टप नसलेली गाडी, तिचं हेल्मेट तेवढं दिसत होतं. बाजूने जाणाऱ्या गाड्यांतली मुलं तिला हात करत होती. ती भिजत होती आणि हात करत होती.

विमानतळ म्हणजे आता नुसतं काँक्रीट. फटींतून गवत उगवलेलं. पूर्वी सैन्याचा होता म्हणे. तीस-पस्तीस गाड्या आल्या होत्या. कुणी बेकर, कुणी शिक्षिका, एक दातांचा डॉक्टर. सगळे तंबू लावून सहलीला आल्यासारखे. गाडी मात्र प्रत्येकाने चादरीवर उभी केलेली. क्लबातल्या बायका घरून केक करून आणतात आणि टेबलावर विकतात. मी बटाट्याचं सॅलड खाल्लं. थंड, आंबट, तिखट अजिबात नाही. मी डब्यातला मिरचीचा ठेचा काढला. शेजारच्या तंबूतल्या बेकरने थोडा पावावर लावून खाल्ला, बाटलीभर पाणी प्यायला, मग पुन्हा घ्यायला आला.

दुपारी तपासणी झाली. तपासणारा केस्लर नावाचा जाडा माणूस, साठीचा, गळ्यात चष्मा. त्याने गाडी वर उचलून खालून बघितली, बॅटरी हलवून बघितली, पट्टे ओढले, सायलेन्सरचा आवाज मोजला. चिकट टायरांची चाकंही बघितली आणि उद्या बसवायला परवानगी दिली. नटांवरचे लाल ठिपके बघून त्याने अनघाला काहीतरी विचारलं. तिने सांगितलं. "गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर, आणि मान हलवली. अनघा रात्रीपर्यंत त्या एका शब्दावर खूश होती.

रात्री गावातल्या छोट्या लॉजवर राहिलो. मंदारला झोप लागली नाही. सकाळी त्याने मला सांगितलं, "मी सगळी वळणं मोजली. अकरा आहेत."

"मग?"

"मग काही नाही."

रविवार

सकाळी सातला विमानतळावर. अनघाने जॅक लावून चाकं बदलली. साध्या पान्याने सोळाही नट बसवले. मग गाडी खाली घेऊन टॉर्क पाना घेतला, कारण शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर असताना करायचं असतं. मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं उजवं झालं. कट् आवाज, लाल ठिपका. तेवढ्यात भोंग्यावरून बोलावणं आलं. चालकांची बैठक. बैठकीला जो नसेल त्याला गाडी काढता येत नाही.

"मंदार, पुढचं डावं राहिलंय," ती पाना त्याच्या हातात देत म्हणाली. "ते आवळ आणि लाल लाव." आणि ती गेली.

मंदारने पाना हातात घेतला आणि त्याच वेळी एक माणूस येऊन म्हणाला की तुमची मोठी गाडी रुग्णवाहिकेच्या वाटेत आहे, काढा. मंदार पाना ठेवून गेला.

मी एकटी होते. म्हटलं, आता पूजा करून घ्यावी. घरून कुंकवाची डबी आणलीच होती. वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला मी सगळ्या यंत्रांना कुंकू लावायची. हे गेल्यावरही लावायची. विधवेने कुंकवाला हात लावू नये असं म्हणणाऱ्या दोघीतिघी होत्या, त्यांना मी सांगितलं, यंत्राला नवरा नसतो. तर कुंकू पाण्यात कालवलं. नाकाला लावलं, स्टिअरिंगला लावलं. नारळ फोडायला काँक्रीट चांगलं होतं, पण सांडलेलं पाणी बघून कुणी ओरडेल म्हणून नारळ नुसता फिरवला. मग चाकांकडे वळले.

तीन चाकांच्या नटांवर लाल ठिपके होते. त्यांच्या शेजारी मी एकेक बोट लावलं. चौथं चाक, पुढचं डावं, बोडकं दिसत होतं. ते मला बरं दिसेना. म्हणून त्याच्या चारही नटांवर, बरोबर डोक्यावर, एकेक ठिपका दिला. बाकीच्यांसारखा.

असं मी का केलं ते मला कुणी विचारलं तर एवढंच सांगता येतं. सारखं दिसावं म्हणून. बत्तीस वर्षं माल तपासला, आणि न आवळलेल्या नटावर खूण केली. खूण म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात ते कुंकू होतं, खूण नव्हती. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्राला कुंकू लागलं की त्या दिवशी यंत्र बंद. पान्यालासुद्धा हात लावायचा नाही. कुंकू लावलेलं यंत्र त्याच दिवशी पळवायचं असतं हे माझ्या हातांना ठाऊकच नव्हतं.

मंदार परत आला. पाना उचलला, वाकला, चाकाकडे बघितलं. उभा राहिला. त्याला वाटलं की अनघाने हेही केलं होतं आणि घाईत विसरली. त्याने पाना पेटीत ठेवला. अनघा लांबून हेल्मेट हातात घेऊन येत होती.

"लाल आहे ना?" तिने ओरडून विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

मी शेजारी उभी होते. मी डबीचं झाकण लावत होते.

तीन फेऱ्या

पहिली फेरी सरावाची. एक कोन पडला. दुसरी बरी गेली. तिसऱ्या फेरीला तिने शेवटच्या वळणावर इतक्या उशिरा ब्रेक दाबला की मंदारने डोळे मिटले. वेळ चांगली आली. नवशिक्यांत चौथा नंबर. बेकर सहावा आला आणि ठेच्याला दोष देऊन गेला.

"स्टिअरिंग जरासं थरथरतंय," अनघा पाणी पिताना म्हणाली. "टायर तापले नसतील." ती उठली, चाकांभोवती एक फेरी मारली, सगळीकडे लाल बघितलं आणि बसली.

शर्यत संपल्यावर दुपारी चारच्या सुमारास घरच्या माणसांना शेजारी बसवून एक फेरी मारायची मुभा असते. अनघाने मंदारकडे बघितलं. मंदारने डब्याकडे बघितलं.

"आई?" ती म्हणाली.

"चल," मी म्हटलं. मला बघायचं होतं. दोन महिने मी त्या गाडीचे नट मोजले होते.

आधी कागदावर सही करावी लागते. मेलो तर तुम्ही जबाबदार नाही असा कागद. मी मराठीत सही केली. टेबलावरच्या बाईने ती वळवून वळवून बघितली आणि काहीतरी चांगलं बोलली. मग हेल्मेट. अंबाड्यावर ते बसेना. अनघाने माझा अंबाडा सोडला आणि वेणी घातली. माझी वेणी लग्नानंतर कुणी घातली नव्हती. बेकर म्हणाला, तुमच्या ओमाला हळू न्या. ओमा म्हणजे आजी.

"हळू नको," मी मंदारला म्हटलं, "सांग त्याला."

"आई, मी असलं काही सांगणार नाही."

ती हळू गेली नाही. पहिली पाच-सहा वळणं मला आवडली. ती हातांनी किती थोडं करते ते मी बघत होते. पायाखाली ब्रेक धरले की सगळी गाडी एकदम ऐकायची. सातव्या की आठव्या वळणाला, उजवीकडे वळताना, चाक आमच्या पुढे गेलं.

गवतावर

मला आधी काढलं. पट्टा कापला, चौघांनी धरलं. मंदार कुठून आला ते कळलं नाही. तो गाडीखाली हात घालत होता आणि दोन माणसं त्याला मागे ओढत होती. मला घडीच्या खुर्चीवर बसवून तोंडात कापूस कोंबला. हुबरबाईंनी माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

अनघाला काढायला वेळ लागला. मान धरून, फळीवर घेऊन, हळू. रुग्णवाहिकेत नेलं आणि दार लावलं. मला वाटलं आता गाडी धावत सुटेल, इथे सुटते तशी. पण तिथे आधी उभ्या गाडीतच डॉक्टर काम करतात. दार बंद, गाडी जागच्या जागी. वीस मिनिटं. मंदार त्या दाराला तोंड करून उभा होता.

केस्लर चाक घेऊन आला. हातात तीन नट होते, काँक्रीटवर सापडलेले. चौथा मिळाला नव्हता. त्याने मंदारला विचारलं. मंदार दाराकडे बघतच उत्तर देत होता. केस्लर लिहीत होता. मला जर्मन येत नाही, पण अनघाचं नाव दोनदा आलं ते ऐकलं.

"काय लिहितोय तो?" मी विचारलं. तोंडात कापूस होता, नीट बोलता येईना.

"काही नाही आई, बस तू."

"काय लिहितोय?"

"की चाक तिने बसवलं. मी तपासलं नाही."

मी हात पुढे केला. केस्लरने एक नट माझ्या तळहातावर ठेवला, का ठेवला कुणास ठाऊक. त्याच्या डोक्यावर लाल होतं. मी अंगठ्याने घासलं. लाल माझ्या अंगठ्यावर आलं.

नेलपेंट असं निघत नाही.

कापूस काढून मी म्हटलं, "मंदार, याला सांग, हे मी लावलं. हे कुंकू आहे."

"आई, आत्ता नको."

"आत्ताच. तो आत्ता लिहितोय."

"आई, प्लीज."

"हे चाक कुणी आवळलंच नव्हतं. मी त्याच्यावर लाल लावलं, म्हणून तुला वाटलं तिने आवळलं आणि तिला वाटलं तू आवळलंस. जसं बोलते तसं सांग. माझ्यासाठी गोड करून सांगू नकोस."

मंदारने माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तसं त्याने माझ्याकडे लहानपणीसुद्धा कधी बघितलं नव्हतं. मग तो केस्लरला सांगू लागला. पूर्ण सांगितलं हे मला कळलं, कारण खूप वेळ लागला आणि मध्येच केस्लर लिहायचा थांबला.

केस्लरने एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, ते कशासाठी लावतात."

"गाडी सुखरूप राहावी म्हणून. सांग."

त्याने सांगितलं. केस्लर हसला नाही. त्याने चष्मा लावला, नट माझ्या हातातून परत घेतला, अंगठ्याने स्वतः घासून बघितला. मग तो बराच वेळ बोलला आणि मंदारने मला थोडक्यात सांगितलं. ज्याने आवळलं त्यानेच खूण करायची, दुसऱ्या कुणीही नाही. आणि जो चालवतो त्याने प्रत्येक फेरीआधी पाना लावून बघायचं, रंग बघायचा नाही. स्टिअरिंग थरथरत होतं तेव्हा तिने थांबायला हवं होतं. म्हणून चूक तिचीही आहे आणि तेही तो लिहिणार.

"लिहू दे," मी म्हटलं. "खरं आहे ते."

मग रुग्णवाहिका सुटली. मंदार तिच्या मागे गेला. आत काय आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

इस्पितळ

दुसऱ्या गाडीने मला नेलं. माझे पुढचे दोन दात गेले होते, पट्ट्याने छाती काळीनिळी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून सोडलं. खाली मोकळ्या जागेत मंदार बसला होता. हुबरबाईंना बेकर घेऊन आला होता. त्यांनी केकचा डबा आणला होता. कुणी खाल्ला नाही, पण त्यांनी झाकण उघडून ठेवलं.

मंदार माझ्याशी बोलला नाही. त्याला काय सांगणार? देवाला दोष देऊन चाललं नसतं, देवाने नट आवळायचं काम घेतलेलं नव्हतं. चार तास गेले. तिथल्या इस्पितळात कुणी मोठ्याने बोलत नाही, नातेवाइकांची गर्दी नाही, चहाची गाडी नाही. आमच्याकडे अशा वेळी वीस माणसं जमतात आणि निम्मी जेवायचं काय ते बघतात. त्या दिवशी मला ती वीस माणसं हवी होती.

मग डॉक्टर आला आणि मंदारला आत घेऊन गेला. मला दुसऱ्या दिवशी आत सोडलं.

अनघाचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. चेहरा सुजला होता. मी खुर्ची ओढून बसले.

"मंदारने सांगितलं," ती म्हणाली.

"तो सांगेल तेवढं पुरे नाही. मी सांगते." आणि मी पहिल्यापासून सांगितलं. बैठक, डबी, तीन चाकं, बोडकं चाक. सारखं दिसावं म्हणून.

ती छताकडे बघत होती.

"अहो आई," ती म्हणाली, "मी तिसऱ्या फेरीनंतर चाकांभोवती फिरले होते."

"मी बघितलं."

"टॉर्क पाना चार पावलांवर होता."

"तेही बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला तरी कुठे कळलं होतं? लाल दिसलं, मलाही बरं वाटलं."

ती हसायला गेली, बरगड्या दुखल्या, थांबली. मग ती म्हणाली, "मंदारला राग आलाय तुमचा."

"येऊ दे. तुला?"

"आलाय," ती म्हणाली. "पण तुम्ही केस्लरला सांगितलंत म्हणे. ते बरं केलंत. मी दोन हिवाळे विचार करत बसले असते, कुठला नट चुकला."

मी आणखी तीन आठवडे राहिले. मंदार आठव्या दिवशी बोलला. पहिलं वाक्य होतं, "दातांचं काय करायचं?" परतीच्या विमानापर्यंत आमचं बोलणं पूर्वीसारखं झालं नव्हतं, आणि अजूनही फोनवर तो आधी अनघाच्या हाताचं सांगतो, मग माझी चौकशी करतो. ते बरोबर आहे.

तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तीन बरगड्यांना चीर गेली होती आणि ती काही मिनिटं बेशुद्ध होती. डाव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. त्या गाडीत आम्ही दोघीच होतो, मी एकाहत्तर वर्षांची आणि ती एकोणचाळीस वर्षांची. दोघी जगलो.